शंभरचा ठोकळा

“आधी टाकाऊवर करून बघू.”

पॅटर्नवाले काका हे वाक्य दिवसातून किती वेळा म्हणत, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. नवी पटाशी आली की कोपऱ्यातल्या खोक्यातून लाकडाचा एखादा तुकडा निघायचा आणि पटाशी पहिल्यांदा त्याच्यावर चालायची. नवा रंग असो, नवा गोंद असो, पहिली गाठ त्या खोक्यातल्या तुकड्यांशीच. काकूंनी त्यांना नवा चष्मा करून आणला, तेव्हाही त्यांनी तो आठ दिवस जुन्या वर्तमानपत्रांवर चालवून पाहिला आणि मगच कामावर घातला, असं सांगतात. कारखान्यातली माणसं त्यांच्या माघारी त्यांना टाकाऊकाका म्हणत. काकांना ते ठाऊक होतं. एकदा भट्टीवाल्याच्या तोंडून समोरासमोरच निसटलं, तर काका शांतपणे म्हणाले, “टाकाऊ म्हण बाबा, पण टाकू नकोस.”

कारखाना ओतकामाचा. पंपांची धडं आणि त्यांवर बसणारी झाकणं तिथे पोलादात ओतली जात. ओतायचं म्हणजे आधी वाळूत पोकळी हवी, आणि पोकळी हवी तर ज्याच्याभोवती वाळू दाबायची तो लाकडी नमुना हवा. त्या नमुन्याला पॅटर्न म्हणतात, आणि तो करणारा हात काकांचा. पॅटर्न जसा, तसा पंप. त्यात एक मेख अशी, की वितळलेलं पोलाद निवताना आकसतं, शंभराला दोन या हिशेबाने. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा ठेवावा लागतो. काकांच्या सदऱ्याच्या खिशात त्यासाठी एक पितळी पट्टी असे. तिच्यावरचा प्रत्येक मिलिमीटर खऱ्या मिलिमीटरपेक्षा केसभर मोठा. त्या पट्टीने चारशे मोजावेत आणि प्रत्यक्षात चारशे आठ भरावेत. नवख्या माणसाला ही खोटी पट्टी वाटे. काका म्हणत, पोलाद उद्या जे करणार आहे, ते ही आज सांगते.

एकतीस वर्षं त्यांनी असं काम केलं. त्यांच्या खोलीत सकाळचं ऊन तिरकं यायचं, त्यात लाकडाचा भुसा तरंगायचा, आणि रंध्याचा आवाज इतका एकसारखा चालायचा की बाहेरची माणसं त्यावर वेळ ओळखत. आवाज थांबला म्हणजे काकांनी चष्मा पुसायला घेतला, म्हणजे अकरा वाजले.

मग वरच्या मजल्यावर कॉम्प्युटर आला, आणि त्याच्यामागोमाग ती आली.

तिचं काम पडद्यावर पंपाचं मॉडेल उभं करायचं. ते मॉडेल खालच्या कापायच्या यंत्राकडे जायचं आणि यंत्र लाकडाच्या ठोकळ्यातून पॅटर्न कोरून काढायचं. आठवडाभराचं काम दीड दिवसात. कारखान्यात सगळे तिला मॉडेलताई म्हणू लागले. ती हसून म्हणायची, “फोटो कुणी काढत नाही, तेवढं बरं आहे.” वय चौतीस, घरी सातवीतली मुलगी आणि गुडघ्यांनी बसलेली आई. या नोकरीआधी तिने तीन ठिकाणी काम केलं होतं आणि तिन्ही ठिकाणी दुसऱ्याच्या खुर्चीवर बसून. ही खुर्ची पहिल्यांदा तिची होती.

काकांची खोली बंद झाली. रंधा, करवती, पटाश्या तेल लावून कपाटात गेल्या. काकांकडे उरलं ते यंत्राने कोरलेल्या पॅटर्नच्या फटींत लांबी, म्हणजे पुट्टी, भरून, पॉलिश पेपर मारून, रंग द्यायचं काम. आणि या हंगामाअखेर तेही संपणार होतं. जिन्यात ती भेटली तर काका बाजूला होत, मान हलवत. ती “नमस्कार काका” म्हणायची. तेही “नमस्कार ताई” म्हणायचे. त्या ‘ताई’ शब्दात एक दार होतं आणि ते आतून लावलेलं होतं, हे तिला कळायचं. दीड वर्ष असंच गेलं.

मग एका सोमवारी मोठ्या पंपाची तीन धडं भट्टीवाल्याने फोडलेल्या वाळूतून बाहेर काढली, घासली, आणि काकांनी पूर्वी लाकडात केलेल्या पॅटर्नचं झाकण त्यांच्यावर ठेवून पाहिलं. झाकण बसेना. बोल्टांची भोकं एकमेकांकडे बघायलाच तयार नव्हती. मापं घेतली, तर चारशेच्या जागी चारशे आठ. तिन्ही धडांची तीच गत.

मालकीणबाईंनी दोघांना खाली बोलावलं. बाई रागावणाऱ्या नव्हत्या. वडिलांच्या पश्चात कारखाना त्यांनी शांत डोक्यानेच चालवला होता, आणि शांत डोक्याच्या माणसाचा निर्णय ऐकणाऱ्याला जास्त लागतो.

“आकसण्यासाठी वाढ किती दिली होती?”

“दोन टक्के, बाई,” ती म्हणाली. “एकदाच दिली. आकडा बरोबर होता.”

“मग हे चार टक्के कुठून आले? यंत्राने स्वतःहून दिले?”

आपण एकदाच वाढ दिली हे तिला आईच्या नावासारखं पक्कं माहीत होतं, आणि समोर तीन धडं पडली होती.

“माझा तुमच्यावर राग नाही,” बाई म्हणाल्या. “पण महिनाअखेरपर्यंत दुसरीकडे बघा. काका, तुम्ही तुमची खोली उघडा. लाकडातच करू. दोन वर्षं तरी थांबा माझ्यासाठी.”

एकतीस वर्षांची खोली परत मिळत होती. तिने काकांकडे पाहिलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघायची तिची हिंमत नव्हती. काका फक्त एवढंच म्हणाले, “उद्या सांगतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खणातल्या वस्तू पिशवीत भरत होती. चहाचा कप, मुलीचा फोटो, हाताला लावायचं मलम. तेवढ्यात दाराशी कुणी कपडे झटकल्याचा आवाज आला. काका चपला बाहेर काढून उभे होते.

“कॉम्प्युटरला भुसा चालत नाही म्हणतात,” ते म्हणाले. “येऊ का?”

“या ना काका. चपला घाला, फरशी गार आहे.”

ते आले, शेजारची खुर्ची ओढून बसले. पडद्याकडे बराच वेळ बघत राहिले, नव्या सुनेच्या माहेरी गेलेला माणूस भिंतीवरच्या फोटोंकडे बघतो तसं.

“तुझ्याकडे टाकाऊ काय आहे?”

“कॉम्प्युटरात टाकाऊ नसतं काका.”

“मग इतके दिवस तू थेट चांगल्या लाकडावरच हात चालवत होतीस?” त्यांना खरंच धक्का बसला होता. “एक ठोकळा कर. शंभर बाय शंभर बाय शंभर. त्याच्यावर त्या धडाला दिलीस तशी वाढ दे बघू.”

तिने ठोकळा केला. वाढीची छोटी खिडकी उघडली. आकड्याचा चौकोन, खाली बटणं. तिने जपून दोन टाकले, श्वास धरून ओके दाबलं. ठोकळा मोजला. एकशे दोन.

“बरोबर आलं,” ती म्हणाली, आणि पिशवी पुन्हा जवळ ओढली. बरोबर आलं याचा अर्थ खिडकी निर्दोष होती आणि चूक तिचीच होती.

काका पडद्याकडे बघतच नव्हते. त्यांची नजर तिच्या हातावर होती. “हे तू मला दाखवायला केलंस. हात घाबरलेला होता. त्या वेळी केलंस तसं कर.”

“त्या वेळी कसं केलं ते आठवत असतं तर काय हवं होतं?”

“तुला आठवू नको. हाताला आठवत असेल. पुन्हा नवा ठोकळा घे, आणि काम करता करता मला काहीतरी सांग. मुलगी काय करते तुझी?”

“मुलगी?” तिने नवा ठोकळा घेतला. “तिचं काय सांगू काका. धावायच्या शर्यतीत घेतलंय तिला शाळेने. पायात बूट एक नंबर मोठे. म्हटलं, दुसरे आणू, तर म्हणते, आई, मोठ्या बुटांनी शेवटची रेषा आधी गाठता येते...”

“थांब,” काका म्हणाले. “आता दोनदा टकटक झालं. मघाशी एकदाच झालं होतं.”

ती थांबली. हात माउसवर होता तसाच राहिला. खरंच, आकडा टाकून तिने आधी अप्लाय दाबलं होतं, झालं का ते पाहिलं होतं, आणि मग खिडकी मिटवायला ओके. बाकीच्या खिडक्यांत तिचा हात असाच चालायचा; मोठ्या पंपाच्या वेळी इथेही तसाच चालला असणार. तिने ठोकळा मोजला. एकशे चार पूर्णांक चार शतांश.

खाली भट्टीचा पंखा घुमत होता.

“म्हणजे अप्लायनेही वाढवलं आणि ओकेनेही वाढवलं,” ती हळूच म्हणाली. “पण इतर ठिकाणी असं होत नाही काका. ही बघा, जाडी द्यायची खिडकी. अप्लाय, मग ओके. जाडी एकदाच लागते. इथे ओके म्हणजे नुसतं ‘बरं, जा आता’. तिथे ओके म्हणजे ‘आणखी एकदा कर’.”

“एकाच घरातले दोन नळ,” काका म्हणाले, “एक उजवीकडे फिरवून उघडतो, दुसरा डावीकडे. आणि न्हाणीघरात अंधार. पण तुला पडद्यावर मोठं झालेलं दिसलं कसं नाही?”

तिने पुन्हा करून दाखवलं. वाढ दिली की पडदा स्वतःच मागे सरकायचा आणि वस्तू आधीएवढीच दिसेल अशी मांडून ठेवायचा. ठोकळा शंभरचा असो की दोनशेचा, चित्र तेच.

“वा,” काका म्हणाले. “चोरी पण करते आणि चादर पण नीट घालून जाते.”

ती हसली. काल सकाळपासून पहिल्यांदा. हसता हसता डोळे पुसले. काका मात्र हसत नव्हते. त्यांनी खिशातून पितळी पट्टी काढली आणि टेबलावर ठेवली.

“त्या पॅटर्नला लांबी मी भरली. रंग मी दिला. ही पट्टी माझ्या खिशात होती. एकदा लावली असती तर चारशेच्या जागी चारशे आठ दिसले असते, आणि वाळूत जायच्या आधीच सगळं थांबलं असतं. एकतीस वर्षांत न मोजता मी एकही पॅटर्न खाली पाठवला नव्हता.”

“मग हा का...”

“रुसलो होतो.” ते पट्टीकडे बघत होते. “म्हटलं, मापं कॉम्प्युटरने घेतली आहेत ना, मग घेऊ देत. म्हातारपणचा रुसवा फार वाईट, पोरी. समजूत काढायला कुणी येत नाही, आणि तो निघतो कुणाच्यातरी अंगावर.”

त्यांनी तिला पोरी म्हटलं होतं. ते तिच्या लक्षात घरी गेल्यावर आलं, पोळ्या लाटताना, आणि तिचं लाटणं थांबलं.

त्याच सकाळी काका मालकीणबाईंकडे गेले. तिलाही बरोबर घेतलं. खिडकीची गोष्ट तिच्याकडून सांगवली, पट्टीची स्वतः सांगितली. एकही शब्द कमी केला नाही.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. “काका, तुम्हाला कळतंय ना? ही राहिली, तर खोली उघडायचं कारण उरत नाही. हंगामाअखेर तुमचं काम संपतं.”

“कळतं.”

“मग सांगायला कशाला आलात? गप्प बसला असतात तर कुणाला कळलं असतं?”

“तीन धडं भंगारात गेली तेवढी पुरेत, बाई,” काका म्हणाले. “चौथं माणसाचं नको.”

बाईंनी तारखांची वही पुढे ओढली. अखेर म्हणाल्या, “आणखी एक धड ओतू. झाकण बसलं तर ताई राहतील. नाही बसलं, तर मला पुन्हा विचारायला येऊ नका, दोघंही.”

पुढचे तीन आठवडे रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत काका वर येऊन बसू लागले. डबा एका हाताने खायचा आणि दुसऱ्या हाताने खिडक्या तपासायच्या, असा त्यांचा कार्यक्रम. प्रत्येक वेळी नवा शंभरचा ठोकळा. काकांना इंग्रजी येत नव्हतं, आणि तेच कामाला आलं. प्रत्येक बटणावर बोट ठेवून ते विचारायचे, “याचा अर्थ काय?” आणि ती सांगायला लागली, की मध्येच तिच्या ध्यानात यायचं, हे आपल्यालाही नेमकं माहीत नाही, आपण नुसते सवयीने दाबत आलो.

तिने एक वही केली. एका पानावर एक खिडकी. वर तिचं नाव, खाली ती काय म्हणते आणि खरं काय करते. टॉलरन्स, म्हणजे किती फरक चालेल ते, या नावाचे दोन चौकोन एकाच खिडकीत आहेत. वरचा लांबीचा, खालचा कोनाचा, आणि ते कुठेच लिहिलेलं नाही. इन्व्हर्टवर टिक असते, पण आता उलट आहे की उलटायचं आहे, ते सांगत नाही. एक बटण कधी कधी करडं पडतं आणि दाबता येत नाही. का पडतं, ते शोधायला त्यांना दोन दुपारी लागल्या. त्या वेळी पंपाचा एखादा लपलेला भाग निवडलेला असतो, एवढंच कारण निघालं.

“म्हणजे ती रुसते,” काका म्हणाले, “आणि कशासाठी ते सांगत नाही.”

“तुमच्यासारखी,” ती बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

काकांनी घास गिळला, ते पाणी प्यायले. “लिही तसं,” ते म्हणाले. “पानावर लिही. काकांसारखी.”

कॅन्सलचं पान सगळ्यांत मोठं झालं. एका खिडकीत कॅन्सल म्हणजे काहीच न करता परत. दुसरीत, अप्लाय दाबून झालं असेल तर कॅन्सल दाबूनही केलेलं तसंच राहतं. तिसरीत कॅन्सल केलं की विचारते, बदल रद्द करायचे का, आणि खाली पुन्हा दोन बटणं, ओके आणि कॅन्सल. काकांनी यावर डोकं धरलं. “नको म्हटल्यावर विचारते, नको का, आणि त्याला हो म्हणावं की नको म्हणावं? अगं, हे तर तुझ्या काकूसारखं झालं. चहा नको म्हटलं की विचारते, नको ना? मी हो म्हणतो, तर चहा येतो.”

या दुपारी तिला फार आवडू लागल्या. आयुष्यात तिला शिकवणारी माणसं भेटली होती, पण त्यांच्या शिकवण्यात नेहमी एक टोचणी असे, की हेही तुला येत नाही. काकांना स्वतःलाच काही येत नव्हतं आणि त्याची त्यांना लाज नव्हती. त्यांच्या शेजारी बसून न येणं ही कामाची पहिली पायरी वाटायची. ती घरी मुलीला सांगायची, आज काकांनी हे विचारलं, आज ते विचारलं. मुलगी म्हणायची, “आई, तुझा मित्र झालाय तो.” तिची आई आतल्या खोलीतून म्हणायची, “मित्र काय गं, वडील म्हण. वडलांनीच पाठवलाय.” तिच्या वडिलांना जाऊन अकरा वर्षं झाली होती.

नव्या धडाचं मॉडेल झालं. वहीतलं पान उघडून, आकडा टाकून, तिने ओके एकदाच दाबलं. यंत्राने पॅटर्न कोरला. काकांनी लांबी भरायच्या आधी पट्टी लावली. भरल्यावर लावली. रंग वाळल्यावर पुन्हा लावली. तिसऱ्या वेळी त्यांनी तिला पट्टी दिली आणि स्वतः मागे उभे राहिले. तिने वाचलं, चारशे. ते म्हणाले, “मोठ्याने.” तिने मोठ्याने वाचलं. वाळूवाल्यांनी माना वर केल्या.

ओतकाम गुरुवारी झालं. निवायला दीड दिवस. शनिवारी दुपारी वाळू फोडली, धड घासलं, आणि चार माणसांनी ते मधल्या मोकळ्या जागेत आणून ठेवलं. मालकीणबाई आल्या. भट्टीवाला हातमोजे काढून उभा राहिला. तिची खुर्ची, मुलीची शाळा, आईचं औषध, सगळं त्या काळ्या गोल कडेवर येऊन थांबलं होतं.

झाकण दोघांनी उचललं आणि खाली सोडलं. ते बसलं, हाताने पुस्तक मिटावं तसं. भट्टीवाल्याने पहिला बोल्ट भोकात टाकला. तो नुसत्या बोटांनी फिरत फिरत आत गेला. दुसरा गेला. तिसरा. बाकीचे मोजायची गरज कुणाला वाटली नाही.

“ताई,” मालकीणबाई म्हणाल्या, “तुमच्या वहीची एक प्रत मला हवी. यंत्रावरच्या माणसांनाही देऊ. आणि सोमवारी नवीन पंपाचा आराखडा येतोय, तो बघून ठेवा.”

सोमवारी. म्हणजे ती सोमवारी इथे असणार होती. ती “हो बाई” म्हणाली की नाही, हे तिला नंतर आठवेना. ती काकांना शोधायला वळली.

काका माणसांत नव्हते. हंगाम संपला होता, त्यांचा हिशेब कालच पूर्ण झाला होता, निरोपाचे चार शब्द त्यांनी नकोत म्हणून आधीच सांगितलं होतं. ती जिना चढून वर धावली, कारण वरच्या खिडकीतून फाटकापर्यंतचा सगळा रस्ता दिसतो. ते निघाले होते. एका हातात जेवणाचा डबा, दुसरा हात पाठीमागे. चाल तीच, ना हळू ना घाईची. भंगाराच्या ढिगापाशी, जिथे ती तीन धडं पडली होती, तिथून जाताना त्यांनी मान वळवली नाही. फाटकाजवळ पहारेकऱ्याने काहीतरी म्हटलं, काकांनी काहीतरी म्हटलं, दोघंही हसले.

तिने हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. हाकेने माणूस थांबतो, आणि त्यांना थांबायचं नव्हतं.

खाली मोकळ्या जागेत भट्टीवाला धड आणि झाकण तसंच सोडून दाराशी येऊन उभा होता. त्याच्या मागे मालकीणबाई. त्यांना वाटलं असेल, आपणच बघतोय. वर खिडकीच्या गजांना धरून ती बघत होती, आणि काका रस्त्याच्या वळणावर गेले, डबा या हातातून त्या हातात घेतला, आणि दिसेनासे झाले.